वर पूल, खाली गाळ

ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातल्या शिडाच्या बोटींना दक्षिणेचे वेध लागतात. थंडी हे एक कारण. पण वादळांचा हंगाम 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि बऱ्याच विमा कंपन्या ठरलेल्या तारखेआधी बोट खाली नेऊ देत नाहीत. त्यामुळे सगळे जवळपास एकदमच नॉरफोकला जमतात. किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या जलमार्गाचा, म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवेचा, शून्य मैल तिथे. तिथून नद्या, खाड्या आणि त्यांना जोडणारे खोदीव कालवे असं करत मायामीपर्यंत साधारण 1,090 मैल. बाहेर अख्खा अटलांटिक मोकळा असतो, पण वाटेत केप हॅटरसचं भूशिर आहे. तिथे गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि त्याच्या तोंडावर उत्तरेचा वारा आला की लाटा उभ्याच्या उभ्या राहतात. म्हणून आम्ही आतल्या वाटेचे.

फोटो पाठवले की पुण्याहून सासूबाई हमखास विचारतात, "अगं, शिडं कुठायत?" गुंडाळलेली आहेत. वाट अरुंद, वळणाची, वारा नको तिथून. दिवसभर डिझेल इंजिनाची घरघर आणि ताशी सहा मैलांचा वेग. आणि ज्या डोलकाठीसाठी एवढी मोठी बोट घेतली, ती या वाटेवर निव्वळ जोखीम. आमची पाण्यापासून 62 फूट. वाटेतले बहुतेक पक्के, म्हणजे न उघडणारे, पूल 65 फूट उंचीचे. गणित चोख आहे, पण खालून बघताना ती पुलावर आपटणारच असं दर वेळी दिसतं. पुलाच्या खांबावरची उंचीची पाटी वाचायची, आणि मग वर बघायचंच नाही, हा माझा नियम. नवरा मात्र मान वर करूनच सुकाणू धरतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या काही रुंद खाड्यांत चंद्राची भरती जवळजवळ पोचतच नाही. तिथे पाणी चढवतो-उतरवतो तो वारा. म्हणजे तीन फुटांतलं किती उरलंय, ते त्या दिवशीची हवा ठरवणार.

वरून सुटलो की खालचं सुरू. सरकारी हिशोबाने फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत 12 फूट खोली राखायची आहे. गाळाला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. जॉर्जियात तर भरती-ओहोटीचा फरकच सात ते नऊ फूट. तिथे संध्याकाळी नांगर टाकायचा म्हणजे तोंडी परीक्षा. ओहोटीचं पाणी 8 फूट, वर भरतीचे 8, बोटीच्या नाकाडाची उंची 4, झाले 20. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे 100 फूट. सकाळी ती ओढायची, तर कडीकडीला राखाडी चिखल. तो बादलीने धुणं हे माझं काम. का, ते अजून ठरलेलं नाही.

पक्के नसलेले पूल उघडावे लागतात. उत्तरेकडे रेडिओच्या 13 नंबरवर, साउथ कॅरोलायनापासून खाली 9 वर पूलवाल्याला हाक मारायची. पुष्कळ पूल तासाला किंवा अर्ध्या तासालाच उघडतात. एक हुकला की पुढचा हुकतो. उघडला की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग आमच्या डोलकाठीसाठी थांबलेली. मला तेव्हा फार कानकोंडं होतं. नवऱ्याला अजिबात नाही.

या सगळ्यात एक वाट वेगळी : डिस्मल स्वॅम्प कालवा. दलदलीतून 22 मैल, दोन लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारी दारं), पाणी कोऱ्या चहासारखं. झाडांतल्या टॅनिनचा तो रंग बोटीच्या पुढच्या अंगावर तपकिरी मिशी काढून ठेवतो. कालवा 1805 साली सुरू झाला. तो गुलामांनी खणला, कमरेएवढ्या चिखलात उभं राहून. त्याच दलदलीत पळून आलेले गुलाम लपून राहत होते. डेकवर बसून पोहे खाता खाता त्यातून जाणं मला सोपं जात नाही. तिथे आम्ही फारसं बोलत नाही. इंजिनही हळूच ठेवावं लागतं, नाहीतर पाण्यात बुडालेला ओंडका पंख्यात येतो.

बाकी संसार आटोपशीर. गॅस वाचावा म्हणून बोटीवरचे अमेरिकन शेजारीही कुकर बाळगतात, पण त्याच्या शिट्टीला दचकतात. आतल्या पाण्याचं मोठं सुख म्हणजे काही बांधून ठेवावं लागत नाही. मिसळणाचा डबा ओट्यावर उघडा राहू शकतो.

हे सुख मायामीच्या दारात संपतं. तिथला ज्यूलिया टटल पूल 65 नाही, 56 फुटांचा आहे. आमच्यासारख्यांनी फोर्ट लॉडरडेललाच समुद्रात बाहेर पडायचं. नवरा या पुलाची वाट नॉरफोकपासून बघत असतो. आदल्या रात्रीच तो शिडांच्या दोऱ्या सोडवून बसतो, आणि मी बरण्या, कुकर, डबे एकेक करून टॉवेलात गुंडाळते. "पोळ्या आत्ताच करून ठेव," तो म्हणतो, "उद्या हलणार आहे." पोळ्या तूच लाट, म्हणते मी, कणीक मळून ठेवलीय.