लायप्झिगचे पाळणाघर आणि महालातली आजी

आमची मुलगी बोलू लागल्यापासून नागपूरहून येणाऱ्या फोनवर एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरी मराठी, पाळणाघरात जर्मन आणि आमचे मित्र घरी आले की इंग्रजी, मग एवढ्याशा डोक्यात या सगळ्याचा गोंधळ होणार नाही का? धरमपेठेतल्या एका मावशींनी तर सुचवूनच टाकले, की जिथे राहायचे तिथली भाषा आधी पक्की होऊ द्या, मराठी काय, पुढे येईलच. याच्या उलट काही नातेवाईक फोनवर तिच्याशी कौतुकाने इंग्रजीत बोलू लागतात. परदेशात वाढणाऱ्या मुलीला आपली नागपुरी बोली काय समजणार, असे त्यांना वाटत असावे. यांतली काळजीही खरी आणि कौतुकही खरे, परंतु मूल भाषा कशी शिकते याविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे समजले आहे, त्याच्याशी दोन्ही जुळत नाही. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये मेंदू आणि भाषा यांचा अभ्यास करणारी माक्स प्लांक संस्था आहे, आणि इथल्या पालकांच्या गप्पांतही हा विषय वरचेवर निघतो. म्हणून या वेळी बर्फ आणि ख्रिसमसच्या बाजाराऐवजी याविषयीच लिहितो.

भाषेची सुरुवात पहिल्या शब्दापासून होत नाही, ती जन्माच्याही आधी होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला ऐकू येत असते. शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, पण आईच्या बोलण्यातील चढउतार आणि लय पोहोचते. वुर्झबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली अवघ्या तीन ते पाच दिवसांच्या जर्मन आणि फ्रेंच बाळांचे रडणे ध्वनिमुद्रित करून तपासले. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुधा चढत जाणारा होता आणि जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा, म्हणजे ज्या-त्या भाषेच्या बोलण्याच्या ढंगाशी जुळणारा. आमची मुलगी इथल्या रुग्णालयात जन्मली, पण तिच्या आईचे त्या महिन्यांतले बहुतेक बोलणे माझ्याशी आणि नागपूरच्या महाल भागातल्या आजीशी, म्हणजे मराठीत झाले होते. तेव्हा जन्मतः तिच्या कानात कोणती लय असेल, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही.

यापुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो, आणि त्यात आपल्या बाराखडीतील दोन अक्षरांना मानाचे स्थान आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर बसलेले असते, एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकू येत असतो आणि मध्येच तो बदलतो. बदल लक्षात येऊन बाळाने मान वळवली, की बाजूच्या पेटीत दिवा लागून आतले खेळणे नाचू लागते. ज्याला फरक ऐकू येतो ते बाळ खेळण्याच्या आशेने मान वळवते, ज्याला येत नाही ते वळवत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना, घरात हिंदीचा एक शब्दही कानावर पडलेला नसताना, हा फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी बोलणाऱ्या घरांतील बाळांची ही क्षमता मात्र वर्षाअखेरीसही शाबूत होती.

इंग्रजी घरांतील त्या मोठ्या बाळांच्या कानात काही बिघाड झालेला नसतो. मेंदूने तोवर एवढेच ठरवलेले असते, की आपल्या आसपासच्या माणसांच्या बोलण्यात कोणत्या फरकांनी अर्थ बदलतो आणि कोणत्या फरकांकडे दुर्लक्ष केले तरी चालते. ज्या भाषेत 'त' आणि 'ट' मिळून एकच ध्वनी आहे, तिथे त्यांतला फरक ऐकत बसणे म्हणजे अडथळाच. ही छाटणी होते म्हणूनच घरातल्या भाषेचे बोलणे पुढे सहज आणि वेगाने समजू लागते.

याचा प्रत्यय आमच्या स्वयंपाकघरात आला. शेजारच्या बाई कढी शिकायला आल्या होत्या आणि मी पत्नीला सांगितले, "भांड्यात ताक टाक." त्यांनी ते शब्द मोठ्या उत्साहाने म्हणून पाहिले, आणि आम्हाला ऐकू आले ते "टाक टाक". जर्मन भाषेत घड्याळाची टिकटिक 'टिक टाक' अशी दाखवतात, त्यामुळे त्यांना तर हसूच आवरेना. आम्ही सावकाश, तोंड उघडून, जीभ कुठे लागते ते दाखवत दोन्ही शब्द उच्चारले, तरी आपण दोनदा एकच शब्द म्हणतो आहोत यावर त्या ठाम राहिल्या. त्या उत्तम गातात, कान तयार आहे, पण हा फरक त्यांच्या कानाने पहिल्या वर्षातच बाजूला टाकलेला आहे.

आमचीही गत वेगळी नाही. जर्मनमध्ये छापण्यासाठी 'ड्रुकन' आणि दाबण्यासाठी 'ड्र्यूकन' अशी दोन क्रियापदे आहेत. दुसऱ्यातील स्वर काढताना ओठ 'ऊ'साठी करतात तसे गोल आणि जीभ 'ई'साठी असते तिथे ठेवावी लागते. भाषावर्गात शिक्षिका पडद्याआडून शब्द म्हणायच्या आणि आम्ही कागदावर खूण करायची, असा तास असे, आणि माझ्या खुणा बव्हंशी अंदाजपंचे असत. उच्चार जमत नाही असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आधी ऐकूच येत नाही. प्रौढांना हे अजिबात शिकता येत नाही, असे मात्र नाही. जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' यांतला फरक शिकवण्याच्या प्रयोगांत, अनेक वेगवेगळ्या व्यक्तींच्या आवाजांत आणि वेगवेगळ्या शब्दांत ते ध्वनी ऐकवल्यावर सुधारणा दिसली. एकाच शिक्षिकेच्या आवाजावर विसंबू नये, हा बोध मी त्यावरून घेतला आणि ट्राममध्ये कानातली गाणी बंद केली.

ध्वनींच्या बरोबरीने बाळ शब्दही वेचत असते. लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. 'काय करून राह्यली वं' हे कानाला एकसलगच येते. जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक शब्दांची अशीच एक अखंड माळ अवघी दोन मिनिटे ऐकवली. तिच्यात ना विराम होता, ना आघात. तरीही कोणती अक्षरे नेहमी एकामागोमाग येतात आणि कोणती क्वचित, एवढ्यावरून बाळांनी त्यातील शब्द वेगळे ओळखले. बोलता न येणारे बाळ सतत अशी मोजदाद करत असते, आणि त्यासाठी त्याला हवे असते ते भरपूर बोलणे.

पण ते बोलणे कुणाचे, हा प्रश्न परदेशात राहणाऱ्यांच्या दृष्टीने कळीचा आहे. सिअॅटल येथील पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली, प्रत्येकी २५ मिनिटांची १२ सत्रे. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती स्वतः बसून पुस्तक दाखवत आणि खेळत असे, काहींना त्याच व्यक्तींची चित्रफीत दाखवली, काहींना केवळ आवाज ऐकवला. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी ध्वनींतील फरक चांगला ओळखता येऊ लागला. पडद्यासमोर बसलेल्यांना आणि नुसता आवाज ऐकलेल्यांना काहीही आले नाही. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, तरी मुलाला मराठी यावी म्हणून तासन्‌तास बडबडगीतांच्या चित्रफिती लावून ठेवणारी कुटुंबे माझ्या परिचयात आहेत. मोजदाद करणारा मेंदू बाळाकडे असतोच, पण तो नीट कामाला लागतो तो समोरचे माणूस बाळाला प्रतिसाद देते तेव्हा.

मग व्हिडिओ कॉलचे काय? तोही पडदाच. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २४ ते ३० महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवली गेली: समोर बसून, थेट व्हिडिओ कॉलवर, आणि आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीतून. समोरासमोर आणि कॉलवर मुले शिकली, चित्रफितीतून शिकली नाहीत. म्हणजे अडचण काचेची नसून उत्तर न मिळण्याची आहे. मुलाने काही म्हटल्यावर पलीकडचे माणूस थांबते, हसते, त्याच वस्तूबद्दल बोलते, हे महत्त्वाचे.

आमच्या आजींना हा अभ्यास ठाऊक नाही, पण त्या करतात अगदी तेच. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांनी सजवलेला लाकडी नंदी कॅमेऱ्यासमोर धरला आणि नातीने बोट दाखवून "चाक" म्हटले. आजींना खरे तर त्याची शिंगे आणि झूल दाखवायची होती, पण त्यांनी लगेच नंदी उलटा करून चाके फिरवली आणि त्या चाकांवरच बोलत राहिल्या: "चाक फिरून राह्यलं वं माय, पाय बरं, किती जोरानं फिरून राह्यलं." पुढचा आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू 'फिरून राह्यली' होती. पुण्याच्या एका मित्राने यावर, मुलीला शुद्ध मराठी शिकव, असा शेरा मारला. मेंदूच्या दृष्टीने बोली आणि प्रमाणभाषा असा भेद नसतो; 'फिरून राह्यलं' हे रूप नियमबद्धच आहे, आणि तेच जेव्हा प्रेमाने, वारंवार आणि प्रसंगाला धरून कानावर पडते, तेव्हा मूल त्यातला नियम उचलते. पुस्तकी रूपे पुस्तकांतून येतील.

गोंधळाच्या भीतीविषयी तर नागपूरकरांनी खरोखर निश्चिंत असावे. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि इथले मूल घरात मराठी व सीताबर्डीच्या बाजारात हिंदी ऐकतच मोठे होते; त्याबद्दल कुणी डॉक्टर गाठत नाही. जन्माआधी दोन भाषा ऐकलेली नवजात बाळेही त्या दोन भाषा वेगळ्या ओळखतात, असे व्हँकुव्हरमधील इंग्रजी व फिलिपिन्सची टागालोग बोलणाऱ्या मातांच्या बाळांवरील प्रयोगात २०१० साली दिसले. आमची मुलगी "मला मिल्श हवं" म्हणते, तेव्हा दूध या वस्तूसाठी जो शब्द आधी हाताशी आला तो ती मराठी वाक्यात बसवते. वाक्याची घडण मात्र पक्की मराठीच असते. प्रत्येक भाषेतील शब्द एकभाषी मुलांपेक्षा काही काळ कमी असू शकतात, पण दोन्हींचे मिळून मोजले तर तूट दिसत नाही.

लायप्झिगच्या संस्थेत अँगेला फ्रीडेरिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील तंतुमार्गांचा बराच अभ्यास केला आहे. कानशिलामागील श्रवणाचा भाग आणि उच्चाराच्या हालचालींशी संबंधित भाग यांना जोडणारा मार्ग नवजात बाळातही आढळतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्याच्याकडे लक्ष वेधले, त्या कपाळामागील डाव्या भागाकडे जाणारा आणि गुंतागुंतीची वाक्यरचना उलगडायला मदत करणारा मार्ग मात्र सावकाश, बालपणभर तयार होत राहतो. आणि हे काम बालपणी संपूनही जात नाही. याच संस्थेत जर्मन शिकणाऱ्या अरबी भाषक प्रौढांचे मेंदू शिक्षणाआधी आणि सहा महिन्यांच्या कसून शिक्षणानंतर तपासले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भाषेशी संबंधित भागांतील जोडण्या बळकट झालेल्या आणि दोन गोलार्धांमधील जोडणी काहीशी क्षीण झालेली आढळली. तिशीनंतर जर्मन शिकू लागलेल्या माझ्यासारख्याला यात दिलासा वाटणे साहजिक आहे.

लवकर ऐकलेल्या भाषेचे पुढे काय होते, याचे उत्तर माँट्रिऑलमधील एका अभ्यासात मिळते. चीनमध्ये जन्मलेल्या आणि साधारण वर्षाच्या असताना फ्रेंच भाषक कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या मुलींचा हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या ९ ते १७ वर्षांच्या झाल्या होत्या, त्यांना चिनीचा एकही शब्द कळत नव्हता, आणि तरीही चिनीतील सूर कानावर पडताच त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागात चिनी येणाऱ्या मुलींसारखीच हालचाल दिसली. फक्त फ्रेंच येणाऱ्या मुलींमध्ये ती नव्हती. धरमपेठेच्या मावशींना मला सांगायचे आहे ते हे, की मराठी पुढे केव्हातरी येईलच असे मानून आताची वर्षे मोकळी सोडण्यात तोटा आहे. बोलता येण्यासाठी मात्र कानावर पडलेले पुरत नाही, बोलत राहावे लागते. त्या मुलींना चिनी बोलता येत नव्हते.

म्हणून नातेवाइकांना विनंती, की फोनवर तिच्याशी मराठीतच बोला, नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या बोलीत. तिने मध्येच जर्मन शब्द घातला तर दुरुस्त करू नका, मराठी शब्द वापरून बोलणे पुढे न्या. पाळणाघरातून आम्ही इथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे चारला परततो, तेव्हा नागपुरात साडेसात वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमची घड्याळे एक तास मागे जातील आणि तिथले साडेआठ वाजतील, तेव्हा आजींचे जेवण आटोपलेले असेल आणि फोन जरा लांबला तरी चालेल.