कुळे गावाची की शेतातली? गावनामांच्या यादीची प्रगती

गावांच्या नावांची यादी आता वापरण्याजोगी झाली आहे, म्हणून ही नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९१० ते १९३० या काळातली गोव्यातली मराठी नियतकालिकं आणि त्याच वर्षांचं पोर्तुगीज सरकारी राजपत्र, स्कॅन होऊन हाती लागलं तेवढं, ओसीआर करून, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घेऊन, मजकुरात आणायचं. मग कुठल्या गावाचं नाव कधी आणि कशाच्या संदर्भात येतं ते काढून नकाशावर टाकायचं. छापील कागदात गोव्याचा कुठला भाग दिसतो आणि कुठला दिसतच नाही, एवढाच प्रश्न.

१९१० का, तर त्या वर्षी ५ ऑक्टोबरला पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. त्यामुळे इथल्या हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि मराठी छपाईला जोर आला. १९२६ च्या लष्करी उठावानंतर पोर्तुगालात सेन्सॉरची कात्री चालू झाली, तिथून पुढे कागदाचा सूर बदलतो. मला जो मोकळा काळ हवा होता तो साधारण या दोन टोकांमध्ये बसतो.

ओसीआरबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांची रड सारखीच आहे. टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीचं मराठी मॉडेल आजच्या छपाईवर बरं चालतं, पण झिजलेल्या खिळ्यांच्या पानावर ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल ठरलेलीच. दोन रकान्यांच्या मधली रेघ पुसट असली की डावीकडच्या जत्रेच्या बातमीत उजवीकडचं औषध शिरतं. म्हणून पान आधी रकान्यांत कापून घ्यायचं आणि मगच वाचायला द्यायचं. या एका पायरीने जेवढा फरक पडतो तेवढा मॉडेल बदलूनही पडत नाही, असं माझं मत झालं आहे.

खरं डोकं खाल्लं ते अनुस्वारांनी. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीची छपाई, म्हणजे 'नाहीं', 'केलें', 'तेथें' असं सगळं. शब्दांची वारंवारिता मोजायची तर हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकावेत, नाहीतर 'नाही' आणि 'नाहीं' हे दोन वेगळे शब्द म्हणून मोजले जातात. आपल्यापैकी बहुतेक जण सफाईच्या पहिल्याच पायरीत ते उडवतात. गावनामांसाठी मात्र मी ही पायरी मुद्दाम मागे ढकलली आहे. जुन्या छपाईत सांगे तालुक्याचं नाव बऱ्याचदा 'सांगें' असं येतं, आणि 'तो सांगे' मधलं क्रियापद अनुस्वाराशिवाय. अनुस्वार उडवला की हरिदासांच्या कीर्तनाचं वृत्त थेट सांगे तालुक्यात जाऊन पडतं! म्हणून मूळ मजकूर एका स्तंभात, साफ केलेला दुसऱ्यात, आणि गावं शोधायची ती मूळ स्तंभातच.

सांग्याचं भागलं, पण कुळ्याचं भागत नाही. कूळ या शब्दाचं अनेकवचनही जुन्या लेखनात 'कुळें' आणि गावाचं नावही 'कुळें'. त्यात हा काळ असा की जमिनीचे वाद, खंड, भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारे) यांच्यावर भरपूर लिहिलं जातं. यंत्राला विचाराल तर घाटाच्या पायथ्याचं हे गाव त्या काळात पणजीपेक्षा गजबजलेलं होतं.

इथे विभक्ती मदतीला येते. गाव असेल तर 'कुळ्यात', 'कुळ्याहून'. शेत कसणारी माणसं असतील तर 'कुळांत', 'कुळांनीं'. सामान्यरूप दिसलं की प्रश्न मिटला. उरतं ते नुसतं 'कुळें'. त्यासाठी अलीकडचे-पलीकडचे आठ-आठ शब्द काढून पाहतो. अँटकॉन्क या शब्दशोधाच्या प्रणालीत हे विनासायास होतं, मी पायथनमध्ये लिहिलं कारण पुढे गुण द्यायचे होते. 'येथें', 'येथील', 'महाल', 'मुक्काम' यांपैकी काही लगेच मागेपुढे असेल तर गाव. 'स्टेशन', 'जकात', 'कॅसलरॉक' असेल तर नक्कीच गाव, कारण मुरगावहून वर जाणाऱ्या रेल्वेवर आपल्या हद्दीतलं कुळे आणि ब्रिटिश हद्दीतलं कॅसलरॉक ही जोडीच होती. 'खंड', 'भाटकार', 'बेदखल' असेल तर माणसं. ज्याला कुठलाच गुण मिळत नाही ते लाल रंगात ठेवतो आणि डोळ्यांनी वाचतो. साखळी, पाळी, बोरी यांनाही हीच चाळणी लावली आहे. पणजीचा त्रास वाटला होता तेवढा नाही; वर्तमानपत्रात कुणाच्या पणजीचा उल्लेख सहसा येत नाही.

नकाशा काढताना एक लक्षात ठेवा. कुळे आज धारबांदोडा तालुक्यात आहे, पण तो तालुका २०११ चा. आजच्या सीमांची फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रणालीत जशीच्या तशी टाकली तर १९२० सालच्या सांगे महालातून एक मोठा तुकडा गायब होतो. मी तालुक्याच्या सीमा काढूनच टाकल्या. गाव म्हणजे एक ठिपका, आणि तालुका हा त्या ठिपक्याचा वर्षागणिक बदलू शकणारा गुण, अशी मांडणी केली. यादीत जुने विभागही त्याच पद्धतीने घातले आहेत: अंत्रूज, भतग्राम, हेमाडबार्से, अष्टागर, बाळ्ळी, चंद्रवाडी. अंत्रूज म्हणजे फोंड्याचा भाग; वर्तमानपत्रवाले 'अंत्रूज' आणि 'फोंडें' एकाच बातमीत आलटून पालटून लिहितात.

एखादं अक्षर चुकलेलं नाव यादीतल्या गावाशी अंदाजाने जुळवायचं का, अशी गेल्या वेळी विचारणा झाली होती. दोन शब्दांत किती अक्षरं बदलावी लागतात हे मोजणारं लेव्हेनश्टाइन अंतर लांब नावांना छान लागू पडतं. कुडचड्यात एखादं अक्षर चुकलं तरी कुडचडे ओळखू येतं. आखूड नावांना मात्र ते अजिबात लावू नका. मये हे गाव घ्या. 'मध्ये' मधला अर्धा ध पुसट छापला गेला किंवा ओसीआरने खाल्ला की उरतं 'मये', आणि 'मध्ये' तर पानापानाला येतं. तीन अक्षरांपर्यंतच्या नावांना मी हुबेहूब जुळणीच लावतो. शिवाय अंतर मोजायचं ते युनिकोडच्या सुट्या चिन्हांत नव्हे, पूर्ण अक्षरांत. नाहीतर एका काना-मात्रेची किंमत एका व्यंजनाएवढी होऊन बसते.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. एकाच नावाची दोन गावं.

करमळी म्हटलं की बहुतेकांना जुन्या गोव्याजवळची, रेल्वे स्टेशनची करमळी आठवते. यादी करताना मी सत्तरी तालुक्यातल्या मामांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "खंयची करमळी? आमची ब्रह्माची की आगगाडीची?" सत्तरीतली ब्रह्मकरमळी म्हणजे तिसवाडीतल्या करमळीहून सोळाव्या शतकात हलवलेल्या ब्रह्मदेवाचं गाव. तिसवाडीत देवळं मोडली जात होती, सत्तरी तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होती. देव निघाले, आणि त्यांच्याबरोबर गावाचं नावही निघालं. म्हार्दोळचंही तेच. साष्टीत वेर्ण्याला जुनं म्हार्दोळ आहे, म्हाळसा तिथून अंत्रुजात आली आणि इथलंही म्हार्दोळ झालं.

डिजिटल पद्धतीच्या पुस्तकी शिकवणीत याला 'संदिग्धता' म्हणतात आणि ती सोडवायची असते: दोनांपैकी एक निवडा, दुसरं खोडा, पुढे चला. मला हे पटत नाही. गोव्यात जे नाव दोन ठिकाणी सापडतं ते बऱ्याचदा योगायोगाने सापडत नाही. जुन्या काबिजादीतून (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातून) नव्या काबिजादीत (नंतर जिंकलेल्या भागात) कोण गेलं, कशामुळे गेलं, याचा तो पुरावाच असतो. तो सफाईत पुसून टाकायचा आणि मग स्थलांतराचा अभ्यास करायला दुसरा डेटा शोधत फिरायचं, याला काय अर्थ आहे?

म्हणून यादीत आता दोन वेगळे स्तंभ आहेत. एक, बातमी कुठल्या जागेची आहे. दुसरा, ते नाव किंवा तो देव मुळात कुठला आहे. दुसऱ्या स्तंभाची सुरुवात देवस्थानांपासून केली, कारण ती माहिती पक्की आहे: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून आणि महालक्ष्मी कोलव्याहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. क्यूजीआयएसमध्ये मूळ आणि सध्याचं ठिकाण रेघेने जोडलं की साष्टीतून जुवारी ओलांडून फोंड्यात उतरणाऱ्या रेघांचा झुबकाच दिसतो. हा इतिहास आपल्याला माहीत नव्हता असं नाही. पण त्या रेघांवर विसाव्या शतकातल्या बातम्यांचे ठिपके टाकले की मजा येते. माझ्या गठ्ठ्यात तरी मराठी मजकुरातले ठिपके फोंड्याच्या बाजूलाच दाटतात: जत्रा, महाजनांच्या सभा, शाळा काढण्याच्या वर्गण्या, नाटकं. राजपत्राचा नकाशा बार्देश, तिसवाडी आणि साष्टीकडे झुकलेला आहे. एकाच वर्षाचे दोन नकाशे शेजारी ठेवले तर दोन वेगळे प्रांत वाटावेत.

यावर लगेच उडी मारून निष्कर्ष काढू नका. आधी जाहिराती वगळा. मडगावच्या एखाद्या दुकानाची जाहिरात वर्षभर प्रत्येक अंकात छापली जाते आणि मडगाव फुगतं. पाच-पाच शब्दांचे तुकडे करून जे तुकडे अंकामागून अंक जसेच्या तसे येतात ते बाजूला काढले, तेव्हा कुठे शहरांची सूज उतरली. संख्याही दर दहा हजार शब्दांमागे मोजा. पानं वाढली की सगळंच वाढतं.

आडनावं हा आणखी एक गुंता. वेर्णेकर, लोटलीकर, केळशीकर, साखळकर. 'कर' लागलेलं नाव गावाच्या मोजणीतून बाहेर काढलंच पाहिजे, कारण मुंबईत बसलेल्या वेर्णेकरांच्या बातमीने वेर्ण्याचा ठिपका मोठा व्हायला नको. पण टाकूनही देत नाही. त्यांच्यासाठी वेगळं कोष्टक आहे. गाव एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे, अशी जोडी जिथे सापडते ती वरच्या दुसऱ्या स्तंभाच्या कामाची आहे.

साष्टीबद्दल एक इशारा, विशेषतः सतराव्या-अठराव्या शतकातली पत्रं घेऊन बसलेल्यांना. मडगावची साष्टी आणि मुंबई-ठाण्याची साष्टी, दोन्ही पोर्तुगीजांकडे होत्या आणि पोर्तुगीज कागदांतही त्यांचं नाव सारखंच आहे. उत्तरेकडची १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली. त्याआधीच्या कागदात नुसतं साष्टी दिसलं तर वसई, ठाणे, घोडबंदर शेजारी आहेत की राशोल, मडगाव, कुंकळ्ळी, हे पाहिल्याशिवाय ठिपका टाकू नये.

पोर्तुगीज बाजूची प्रगती धिमी आहे. नावं देवनागरीत आणण्यासाठी नियम लिहिले. शेवटी सानुनासिक 'ईं' असेल तर बहुधा आपला ईकार: कांदोळी, कुठ्ठाळी, बाणावली, डिचोली सगळी यात बसतात. ड च्या जागी पोर्तुगीज लेखक र लिहितो: चोडण, मडगाव, कुडचडे पाहा. पण उलट दिशेने हा नियम चालत नाही, कारण बार्देशातला र हा खरोखरच र आहे. शेवटी नियम फक्त सुचवणीपुरते ठेवले आणि पक्की जोडी हाताने भरली. शिवाय १९११ साली पोर्तुगालने आपलं शुद्धलेखन सुधारलं. औषधालय, नाटकगृह यांसारख्या साध्या शब्दांचं स्पेलिंग त्यानंतर बदलतं, आणि जुन्या स्पेलिंगवर आलेख काढला तर गोव्यातली औषधांची दुकानं काही वर्षांत बंद पडली असं दिसतं. शोधताना दोन्ही रूपं एकत्र घ्या. बदल एका रात्रीत होत नाही, छापखाने जुनं लिहीत राहतात. ते कधी वळतात हे पाहायला मला आवडेल, पण ते वेगळं काम.

पुढचा टप्पा रकमांचा. वर्गण्या, लिलावाच्या बोली आणि किमती मजकुरातून वेगळ्या काढायच्या आहेत. गोव्याचा रुपया १६ तांग्यांचा आणि तांगा ६० रेइसांचा, म्हणजे रुपयाचे ९६० रेइस. आणि ब्रिटिश रुपया-आणे-पै बाजारात शेजारीच. बातमीत नुसते 'रु.' असतील तर कुठले धरायचे, यासाठी शेजारी तांगा आहे की आणा हे पाहणारी चाळणी लिहिली आहे. भाताचे आकडे खंडी-कुडवांत येतात, २० कुडवांची खंडी धरून ते एका मापात आणतो आहे. आकडे ओळखण्यातच सध्या खोळंबा आहे. जुन्या खिळ्यांतला १ आणि ९ यंत्राला सारखाच दिसतो, आणि बोलीच्या रकमेत तो फरक परवडणारा नाही. आकड्यांपुरतं वेगळं मॉडेल शिकवायला नमुने कापायला घेतले आहेत. लिलावाच्या जाहिरातींत रक्कम बऱ्याचदा अक्षरीही देतात, तिथे पडताळा आपोआप मिळतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.