तुम्ही विचारलंत म्हणून : फुटक्याच फरशा का आणल्या?

“लिस्बनला इतकी वर्षे राहून आलात आणि आणले काय, तर फरशांचे तुकडे?” आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा ओसरीवरच्या, ते तुकडे बसवलेल्या लाकडी पाट्यांकडे बघून हा प्रश्न विचारतो, आणि “निदान अख्ख्या तरी आणायच्या, वहिनी” असेही वर म्हणतो. चहाचा कप हातात असताना दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून तेच आता सविस्तर लिहीत आहे. मी हौसेने चित्रे काढते, मातीकाम करते. चित्र काढलेली, झिलई दिलेली फरशी, जिला पोर्तुगालमध्ये अझुलेजो म्हणतात, ती स्वतःच्या हाताने करता यावी असे मला तिथे गेल्यापासून वाटू लागले होते. ती कशी घडते हे शिकायचे, तर तिचे पोट दिसायला हवे, आणि ते फुटक्या फरशीतच दिसते.

हे तुकडे मी फेइरा दा लाद्रा नावाच्या जुन्या बाजारातून घेतले. कांपो द सांता क्लारा या चढावरच्या मोकळ्या जागेत १८८२ पासून हा बाजार भरतो, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. एका बाजूला साँव व्हिसेंतेचा मठ, दुसऱ्या बाजूला पांथेऑनचा, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधिस्थानाचा, पांढरा घुमट, आणि मध्ये जमिनीवर चादरी अंथरून बसलेले विक्रेते. पितळी कड्या, क्रोशाच्या लेशी, बटणांचे डबे, कोणाच्या तरी आजोबांचे फोटो, असे काय वाटेल ते तिथे मिळते. बटणे आणि लेशी मीही घेतल्या, त्यांचे पुढे कापडी कामही केले, पण तो विषय वेगळा आहे. फरशांचे विक्रेते चांगला माल चादरीवर मांडत आणि कानेकोपरे उडालेले तुकडे बाजूला प्लास्टिकच्या खोक्यात टाकून ठेवत. माझा शनिवार त्या खोक्यापाशी जाई.

त्यातला एक तुकडा पाहुण्यांच्या हातात मी नेहमी देते. तळहाताएवढा, निळ्या पानाचा अर्धा भाग असलेला. वरून पाहिले तर दुधासारखी पांढरी, किंचित जाड झिलई दिसते, आणि नीट निरखले की तिच्यात टाचणीने टोचल्यासारखे बारीक डाग सापडतात. भट्टीत फरशा एकीवर एक चिकटू नयेत म्हणून मध्ये मातीची तिपाई ठेवीत, तिच्या टोकांच्या या खुणा. आता तो तुकडा आडवा धरून तुटलेली कड पाहा. झिलईचा थर नखाच्या जाडीचाही नाही, आणि त्याखालची माती आपल्या कौलांसारखी लाल नसून फिकट, पिवळसर आहे. तो रंग चुन्याचा. ज्या मातीत चुन्याचे प्रमाण भरपूर असते, तिच्यातल्या लोहाचा लाल रंग भाजल्यावर दबतो. आणि महत्त्वाचे म्हणजे अशी माती भट्टीतून निवताना झिलईच्या जोडीने आकसते, म्हणून झिलईला तडे जात नाहीत. पुस्तकात हे वाक्य मी वाचलेले होते, पण ती कड पाहीपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

झिलई पांढरी दिसते ती कथिलाच्या ऑक्साइडमुळे. एकदा भाजलेली फरशी त्या झिलईच्या पाण्यात बुडवायची, वाळली की तिच्यावर पिठासारखा थर बसतो, आणि त्या कच्च्या थरावरच रंगवायचे असते. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, अँटिमनीपासून पिवळा, मँगनीजपासून जांभळट तपकिरी. पुन्हा सुमारे १००० अंश सेल्सियसला भाजल्यावर रंग आणि झिलई एकजीव होतात. कच्चा थर ओला रंग क्षणात पिऊन टाकतो, त्यामुळे ओढलेली रेघ पुसता येत नाही. माझ्याकडच्या तुकड्यांत एका जागी पान वळवताना रंगवणाऱ्याचा कुंचला किंचित थांबला आहे, तिथे निळा रंग गडद साचला आहे, आणि पुढे ती रेघ पुन्हा पातळ होत गेली आहे. कोणता माणूस होता, कोण जाणे; पण त्याच्या मनगटाची चाल आजही वाचता येते. काही तुकडे जांभळ्या-पिवळ्या साध्या नक्षीचे आहेत. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बन कोसळले, शहर नव्याने उभारताना भराभर आणि स्वस्तात करता येतील अशा फरशा हव्या होत्या, आणि १७६७ मध्ये लिस्बनच्याच रातु भागात राजाश्रयाने निघालेल्या कारखान्यातही तशा फरशा होऊ लागल्या. माझे तुकडे त्याच काळाचे आहेत असा माझा दावा नाही, नक्षी मात्र त्या घराण्याची आहे.

चित्र उतरवण्याची रीत तर आपल्या ओळखीचीच निघाली. रांगोळीचे ठिपके पाडण्यासाठी आपल्याकडे उदबत्तीने भोके पाडलेला कागद वापरतात, अगदी तसाच सुईने टोचलेला कागद फरशीवर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटायची. बारीक काळे ठिपके उमटतात, त्यांच्या आधाराने कुंचला फिरवायचा. कोळसा भट्टीत जळून जातो. माझ्या आईने जपून ठेवलेले रांगोळीचे कागद मी आता याच कामासाठी वापरते, आणि गोपद्म फरशीवर फार देखणे दिसते.

आता अख्ख्या फरशा का आणल्या नाहीत, ते सांगते. अख्खी फरशी भिंतीची असते. लिस्बनमध्ये जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून फरशा चोरून विकण्याचा धंदा इतका माजला होता, की तिथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने २००७ मध्ये त्यासाठी ‘एस-ओ-एस अझुलेजो’ ही स्वतंत्र मोहीम सुरू केली. २०१३ मध्ये लिस्बनच्या नगरपालिकेने आणि २०१७ मध्ये देशाच्या कायद्याने दर्शनी भिंतींवरच्या फरशा परवानगीशिवाय काढण्यास मनाई केली. एकाच नक्षीच्या फरशांचा गठ्ठा आणि मागे नुकताच फुटलेला चुना दिसला, तर ती भिंत कुठेतरी उघडी पडली आहे असे समजावे, असे माझे मत आहे, आणि अशा वस्तूला मी हात लावत नसे. खोक्यातला तुकडा मात्र पुन्हा कोणत्याही भिंतीवर जाणार नसतो.

अख्ख्या फरशा पाहायच्याच असतील, तर लिस्बनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासु या चित्रकाराच्या १९३५ च्या फरशा आहेत. पोर्तु शहरातल्या साँव बेंतु रेल्वे स्थानकाच्या प्रसिद्ध भिंती ज्याच्या, तोच हा चित्रकार. पोर्तुगीज कवी कामॉइशच्या, वास्को द गामाच्या भारताच्या सफरीवरच्या महाकाव्यातले प्रसंग पणजीच्या या फरशांवर आहेत. तो वसाहतीचा गौरव आहे, आणि तो विषय मनात घेऊनच ते काम पाहावे. पण पाहावे जरूर, आणि जवळ जाऊन पाहावे. पणजीतले कितीतरी लोक त्या दारावरून रोज जातात आणि आत पाऊल टाकत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या तुकड्यांचा खरा उपयोग गोव्यात परत आल्यावर झाला. डिचोलीच्या लाल मातीच्या फरशा करून त्यांवर पांढरी झिलई दिली, तर काही दिवसांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटत. मातीत चुना कमी, हे त्या पिवळसर कडेने आधीच सांगून ठेवले होते. चुना हवा तर गोव्यात शिंपल्यांना काय तोटा? शिंपले गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन, कुटून, वस्त्रगाळ करून ती पूड मी वजनाने साधारण पाचवा हिस्सा मातीत मिसळते. पूड अगदी बारीक हवी. जाड कण राहिला की तो भट्टीत कळीचा चुना होतो, पुढे हवेतली ओल पिऊन फुगतो आणि फरशीचा टवका उडवतो. अशा मातीच्या फरशा अंगणातल्या तुळशी वृंदावनाला बसवल्या आहेत. सकाळी त्यांवर तांब्याभर पाणी पडते, गेला अख्खा पावसाळा त्यांनी अंगावर घेतला, आणि झिलई अजून एकसंध आहे.

लिस्बनचे तुकडे मी भिंतीत न बसवता पाट्यांवर का लावले, हेही बरेच जण विचारतात. आपल्या चिऱ्यांच्या भिंती पावसाळ्यात ओल ओढतात, ओलीबरोबर क्षार येतात, भिंतीला लोणा लागतो; तोच क्षार फरशीत शिरून झिलईच्या मागे स्फटिक धरतो आणि झिलई पापुद्र्याने सुटते. म्हणून ते तुकडे आधी गोड्या पाण्यात, पाणी बदलत बदलत, बरेच दिवस भिजवून ठेवले आणि मग पाट्यांवर चुन्यात बसवले. सिमेंट मुद्दाम वापरले नाही, कारण ते फरशीपेक्षा कठीण असते. पुढे कोणाला तुकडा काढावासा वाटला, तर सिमेंट तसेच राहील आणि फरशीचा भुगा होईल.

हे तुकडे विकायचे नाहीत, तेव्हा किंमत विचारू नका. हातात घेऊन बघायचे असतील तर अवश्य या. उलट माझीच तुमच्याकडे एक मागणी आहे. जुने घर मोडायला काढाल तेव्हा जमिनीच्या नक्षीदार फरशा, खिडक्यांचे शिंपल्यांचे तुकडे, कावीकाम, म्हणजे तांबड्या रंगातली जुनी भिंतीवरची नक्षी, असलेला गिलावा ट्रकमध्ये भरण्याआधी एकदा निरोप पाठवा. फुटले असले तरी चालेल.