दुपारनंतर गळणारे शब्द

रुग्णालयाच्या सीटी स्कॅन विभागातून आलेली तक्रार अशी होती: बोललेले टाइप करून देणारे सॉफ्टवेअर सकाळी नीट चालते, दुपारनंतर शब्द खाते. तक्रार तशी आठवडाभर जुनी. त्या दिवशी ती तातडीची झाली, कारण डॉक्टरांनी सांगितले होते ‘उजव्या फुप्फुसात गाठ दिसत नाही’ आणि स्क्रीनवर उमटले होते ‘उजव्या फुप्फुसात गाठ दिसते’. सही करण्याआधी त्यांच्या नजरेला पडले म्हणून निभावले.

मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. तो ‘नाही’ गळला की उरते ‘गाठ दिसत’. आवाज ओळखताना सॉफ्टवेअर नुसता ध्वनी पाहत नाही, कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हेही तोलते. अर्धवट वाक्य त्याला संभवनीय वाटत नाही, म्हणून ‘दिसत’चे ‘दिसते’ होते. वाक्य पूर्ण, व्याकरण शुद्ध, अर्थ उलटा. वेडावाकडा शब्द उमटला असता तर लगेच खटकला असता. ही चूक खटकत नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यात वाईट.

मी जाईपर्यंत मायक्रोफोन दोनदा बदलून झाला होता, डॉक्टरांच्या आवाजाचे प्रोफाइल नव्याने तयार करून झाले होते. टास्क मॅनेजरही कोणीतरी उघडून पाहिला होता. सीपीयू ४५ टक्के. म्हणजे कॉम्प्युटरवर ताण नाही, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलेली एक गोष्ट मात्र फार मोलाची निघाली: छोटे रिपोर्ट बरोबर येतात, लांब रिपोर्ट बिघडतात, आणि तेही पुढच्या भागात. मायक्रोफोन बिघडला असेल तर पहिल्या वाक्यापासून त्रास होतो. उच्चार जुळत नसेल तर ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा चुकतात. इथे चूक शब्दावर नव्हे, बोलायला लागून किती वेळ झाला त्यावर अवलंबून होती. असे असेल तर कुठेतरी काम साचते आहे, हे समजावे.

ते तपासायला महागडे काही लागत नाही. डॉक्टरांना नेहमीच्या गर्दीच्या वेळी, नेहमीचे सगळे प्रोग्राम उघडे ठेवून, पाच मिनिटे सलग वाचायला सांगितले. शेजारी वेगळा रेकॉर्डर चालू ठेवला. सॉफ्टवेअर १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच चॅनल असा आवाज घेते. सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ३२,००० बाइट. पाच मिनिटांचे ९६ लाख बाइट व्हायला हवेत. सॉफ्टवेअरने ओळखायला घेतलेला आवाज ते स्वतःही फाइलमध्ये जपते. ती फाइल निघाली साधारण ९०.५ लाखांची. १७ सेकंदांचा आवाज ओळखणाऱ्या भागापर्यंत पोहोचलाच नव्हता. मग बाकी सगळे प्रोग्राम बंद करून रेकॉर्डरची फाइल त्याच कॉम्प्युटरवर, त्याच सॉफ्टवेअरला दिली. सगळे ‘नाही’ जागच्या जागी आले.

ओळखण्याची बुद्धी शाबूत होती, कानही शाबूत होते. मधला रस्ता तुंबत होता.

तो किती तुंबतो हे मोजायचे माप सोपे आहे: एका सेकंदाचा आवाज ओळखायला किती सेकंद लागतात. हा आकडा १च्या खाली असेल तर सॉफ्टवेअर बोलणाऱ्याच्या बरोबर राहते, वर गेला की मागे पडत जाते. या मशीनवर सकाळी ०.७ येत होता, दुपारी १.१. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण १.१ म्हणजे दर सेकंदाला जेमतेम ०.९१ सेकंदाचा आवाज संपतो आणि ०.०९ सेकंद साचतो. या सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे ओळखायचा आवाज तात्पुरता साठवण्याची जागा, १० सेकंदांचा होता. सलग बोलत राहिले तर तो ११० सेकंदांत भरतो. त्यानंतर नवा आवाज जुन्या, न ओळखलेल्या आवाजावर लिहिला जातो आणि अकरा सेकंदांमागे एक सेकंद हरवतो. पाच मिनिटांतली उरलेली १९० सेकंदे धरली तर १७ सेकंद होतात. फाइलने दाखवलेली तूट नेमकी हीच. छोटे रिपोर्ट बरोबर का येत होते, तेही इथेच उलगडले: ते दोन मिनिटांच्या आत संपत होते. बोलताना कोणी मध्ये थांबले, तर तेवढ्यात बफर थोडा रिकामा व्हायचा.

आता सीपीयूच्या त्या ४५ टक्क्यांचे. मशीनला ८ जीबी रॅम होती आणि फिरणारी हार्ड डिस्क. आवाजाचे मॉडेल, म्हणजे ज्या आकड्यांच्या आधारे सॉफ्टवेअर शब्द ओळखते त्यांचा संच, एकटेच दीड जीबी घेत होते. सकाळी ते आरामात मावायचे. पण सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा, बिंदूला २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. सहाशे कापांची एक तपासणी ३०० एमबी. प्रतिमा पाहायचा प्रोग्राम दिवसभरात उघडलेल्या तपासण्या हाताशी ठेवत होता, वेळ वाचावा म्हणून पुढच्याही आधीच आणून ठेवत होता. दुपारपर्यंत एकूण मागणी ११ जीबीवर गेली. रॅम पुरेना, तेव्हा विंडोजने मॉडेलचे तुकडे डिस्कवर ढकलले. मॉडेलचे तसे नसते की एक भाग लागला, बाकीचे पडून राहिले. शब्द काढताना जवळजवळ सगळे आकडे पुन्हा पुन्हा वाचावे लागतात. म्हणजे ढकललेला तुकडा लगेच परत आणायचा, त्याच्या जागी दुसरा ढकलायचा. डिस्क शंभर टक्के व्यग्र, आणि सीपीयू तिची वाट पाहत रिकामा बसलेला. सीपीयूचा आकडा कमी दिसत होता तो यामुळे. रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट’ हा रकाना असतो, रॅममध्ये नसलेले डिस्कवरून किती वेळा आणावे लागले ते तो दाखवतो. तो सेकंदाला शेकड्यांत धावत होता. आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर मंदावले की मी आधी हा रकाना आणि डिस्क पाहतो, सीपीयू नंतर.

उपाय एकेक करून केले आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजले. चारपाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

विंडोजमध्ये या सॉफ्टवेअरची प्रायॉरिटी ‘हाय’ केली. काहीच झाले नाही, होणारही नव्हते. प्रायॉरिटीने सीपीयूचा वाटा मिळतो, डिस्कवरून यायचे ते लवकर येत नाही.

सॉफ्टवेअरचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, ८ होते, ते ४ केले. मशीनच्या सीपीयूत कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, चारच, प्रत्येकी दोन थ्रेड. मोठमोठ्या गुणाकारांच्या कामात एका कोरवरचे दोन थ्रेड एकाच सामग्रीसाठी झगडतात. १.१चे १.०५ झाले. पुढे ३ करून पाहिले, आकडा तोच राहिला, पण आवाज घेणाऱ्या थ्रेडला आणि प्रतिमांना एक कोर मोकळा मिळाला. ३च ठेवले.

प्रतिमांच्या प्रोग्रामला एका वेळी दोनच तपासण्या धरून ठेवायला सांगितले. मॉडेल असे लावले की त्यातला प्रत्येक आकडा १६ बिटांऐवजी ८ बिटांत राहील, दीड जीबीचे पाऊण जीबी झाले. आकडा ०.८५वर आला. त्या दिवसापुरते एवढे पुरेसे होते. याहून लहान मॉडेल घ्या, असे तिथे कोणीतरी सुचवले, मी ठाम नकार दिला. आवाज ओळखणाऱ्या व्हिस्पर या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या: सर्वांत लहान मॉडेलमध्ये ३.९ कोटी आकडे, मोठ्यात १५५ कोटी. लहान मॉडेल पळते, पण औषधांची आणि अवयवांची नावे त्याला झेपत नाहीत. गळती थांबवायला गेलो आणि नव्या चुका आणल्या, असे झाले असते. बिट कमी केल्याने अचूकता थोडी खाली येऊ शकते, म्हणून त्याच रेकॉर्डिंगवर दोन्ही मजकूर शब्दाला शब्द ताडून मगच ते चालू केले.

दोन दिवसांनी ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली, जुन्या पट्टीच्या जोडीच्या खाचेत. दोन पट्ट्या जोडीने बसल्या की मेमरीतून वाचण्याचा वेग वाढतो, आणि या कामाला तो कोरच्या संख्येइतकाच लागतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली. भर दुपारी, सगळे उघडे असताना, आकडा ०.५.

एक गोष्ट मात्र पुसून टाकावी लागली: गळती चालू असताना तयार केलेले आवाजाचे प्रोफाइल. डॉक्टर मजकूर दुरुस्त करत तेव्हा सॉफ्टवेअर त्यातून शिकत होते. पण त्याच्या हाती आलेल्या आवाजात ‘नाही’ नव्हताच. नसलेल्या आवाजाला शब्द चिकटवायला आपण त्याला शिकवत होतो. आठवड्यापूर्वीच्या बॅकअपमधले प्रोफाइल परत घातले.

आणि त्या आठवड्यात सही होऊन गेलेले लांब रिपोर्ट? जपलेला आवाज ऐकून ते पडताळता येईनात, कारण त्या फाइलमध्येही तेच सेकंद गायब होते. विभागप्रमुखांनी दुपारनंतरचे, दोन मिनिटांहून लांब बोललेले सगळे रिपोर्ट वेगळे काढायला लावले आणि मूळ प्रतिमा समोर ठेवून पुन्हा वाचून घेतले.

सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये प्रत्येक गळतीची एक ओळ होती, ‘ऑडिओ ओव्हररन’, तारीख-वेळेसकट. ती ओळ आठवडाभर लिहिली जात होती, उघडून पाहिली कोणीच नव्हती. आता एक छोटी स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी लॉग वाचते. ती ओळ आली की डॉक्टरांच्या स्क्रीनची कड लाल होते आणि तो रिपोर्ट सहीसाठी पुढे जात नाही.