सहाव्या बॅचला सुटलेलं पाणी

मे महिन्यात आमच्या परभणीतल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी थर्मामीटर ४५ अंशांना टेकतो आणि पहाटे २८ वर येतो. त्यामुळे मी घरी बनवतो त्या साबणाच्या क्रीम फेसवॉशची स्टॅबिलिटी (उष्णतेत तो किती टिकतो ते) बघायला वेगळा ओव्हन लागत नाही, बरण्या तिथल्या फळीवर ठेवल्या की झालं. सहावी बॅच चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी दह्याला सुटतं तसं तळाशी पाणी सुटलेलं, आणि वरच्या मोतिया क्रीममध्ये बोटाला लागतील एवढे दाणे. फार वाईट वाटलं, कारण थंडीत बनवलेल्या पाचव्या बॅचला, याच मापांत, तीन महिने काही झालं नव्हतं.

मापं ५०० ग्रॅमची: मायरिस्टिक ६०, स्टिअरिक ६०, लॉरिक ३० (ही तिन्ही फॅटी ॲसिडं, पोटॅशशी मिळून त्यांचा साबण होतो), ग्लिसरीन ७५, बाकी कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि डिस्टिल्ड पाणी. लॉरिक फेस झटकन उठवतं, पण वाढलं की चेहरा ओढतो. दाट, मऊ फेस मायरिस्टिकचा. स्टिअरिक क्रीमला अंग देतं. बाजारात स्टिअरिक म्हणून मिळतं त्यात निम्म्याच्या आसपास पामिटिक हे दुसरं फॅटी ॲसिड असतं, म्हणून हिशेब पुस्तकातल्या आकड्यावर न करता पाकिटावरच्या ॲसिड व्हॅल्यूवर (१ ग्रॅम ॲसिडला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं तो आकडा) करावा. माझ्या पाकिटावर २०८ आहे. या मापाला पूर्ण साबण व्हायला ३५.६ ग्रॅम पोटॅश लागतं. मी ८० टक्केच करतो, म्हणजे २८.५. उरलेलं ॲसिड साबणाबरोबर स्फटिक धरतं, मोत्याची चमक त्या स्फटिकांचीच.

पहिला संशय पोटॅशवर. फ्लेक्स हवेतला ओलावा ओढतात, हे माहीत असूनही मी ते शंभर टक्के शुद्ध धरत होतो. मग बारावीचं प्रॅक्टिकल आठवून टायट्रेशन केलं: ५.६१ ग्रॅम फ्लेक्स लिटरभर पाण्यात, समोर ०.१ नॉर्मल ऑक्सॅलिक ॲसिड, खूण फिनॉल्फ्थॅलीनची. १० मिलीला १० मिली लागायला हवं होतं, ८.८ मध्येच गुलाबी रंग गेला. शुद्धता ८८ टक्के. म्हणजे सहाव्या बॅचमध्ये साबण ८० नव्हे, सत्तरच टक्के झाला होता. पोटॅश वापरणाऱ्या प्रत्येकाने डबा उघडल्यावर हे एकदा करावंच. (फ्लेक्स पाण्यात टाकायचे, पाणी फ्लेक्सवर नाही, आणि डोळ्यांवर चष्मा.)

सातव्या बॅचला फक्त पोटॅश ३२.४ ग्रॅम केलं, बाकी काही हलवलं नाही. दाणे गेले, फेस भरला. पण नवव्या दिवशी पाणी पुन्हा सुटलं.

तेव्हा उलगडा झाला. या क्रीममध्ये पाणी आणि ग्लिसरीन साबणाच्या स्फटिकांच्या जाळीत अडकलेलं असतं. जाळी वितळली की ते खाली उतरतं, आणि फॅटी ॲसिडची कार्बनसाखळी जितकी आखूड तितकी जाळी लवकर वितळते; मायरिस्टिकची साखळी स्टिअरिकपेक्षा आखूड. थंडीत वितळायची वेळच आली नव्हती. म्हणून आठव्या बॅचला मायरिस्टिक ४५, स्टिअरिक ७५, पोटॅश ३१.९ ग्रॅम. ७५ अंशांवर अर्धा तास धरून हळूहळू ढवळत थंड केलं. जोरात ढवळलं की हवा शिरते. आज बाविसावा दिवस आहे, तळ कोरडा आहे. मात्र ट्यूबमधून दाबताना जोर लागतो.

बोअरच्या कठीण पाण्यात हा फेसवॉश चालतो का, असं अनेकांनी विचारलंय. आमच्या बोअरच्या पाण्याची कठीणता पट्टीवर ६०० पीपीएमच्या आसपास दिसते. असं एक लिटर पाणी सुमारे ३ ग्रॅम साबण खाऊन त्याची चिकट साय करतं, आणि १ ग्रॅम फेसवॉशमध्ये साबण असतो जेमतेम ०.३ ग्रॅम. चिमूटभर ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) बॅचमधले धातू धरेल, बादलीतलं कॅल्शियम त्याच्या आवाक्यात नाही. आमच्याकडे तळहातावर चार थेंब पाण्यात फेस करतात आणि शेवटचा हात आरओच्या पाण्याचा मारतात. फरक पहिल्याच दिवशी जाणवला.

आणि पीएच त्वचेसारखा ५.५ वर आणायचा नाद या प्रकारात सोडावा. सायट्रिक ॲसिड घातलं की साबण फुटून पुन्हा फॅटी ॲसिड होतं, क्रीम फाटतं. ते ९.५ ते १० वरच राहतं, त्यामुळे सोडियम बेंझोएट हे आम्लातच चालणारं प्रिझर्वेटिव्ह इथे निकामी. मी फिनॉक्सिइथेनॉल वापरतो.

नववी बॅच रविवारी. आठवीचीच मापं, फक्त ग्लिसरीन ७५ वरून १००, तेवढं पाणी कमी. एक बरणी पत्र्याखाली, एक फ्रीजमध्ये.