आमची वाटचाल : पंपाच्या पॅटर्नपासून पितळी कासवापर्यंत

बाबांनी वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला तेव्हा मी तिसरीत होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. बाबांचा धंदा पॅटर्नचा, म्हणजे ओतकामासाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्यांचा. सागवानी नमुना मातीत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड होताना धातू आकसतो, म्हणून नमुना मुद्दाम मोठा ठेवावा लागतो. पितळेसाठी मीटरमागे साधारण १५ मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियमसाठी १३. त्यामुळे मिस्त्रीकाकांची पट्टी दुकानातल्या पट्टीपेक्षा जराशी लांब असायची. ती पट्टी घेऊन मी भूमितीची आकृती काढली आणि मापं चुकली, तेव्हा बाबांनी मला शेजारी बसवून हे सगळं समजावलं होतं.

पुढे मीही गाळ्यावर यायला लागले. पंपाची बाहेरची कवचं, व्हॉल्व्ह, पुली अशी जॉबवर्कची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे करून द्यायची कामं चालू होती. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने आठ महिने पैसे अडकवले आणि नंतर कामच बंद केलं. त्या काळात हाताला काम कमी होतं आणि भिंतीवर जुने पॅटर्न टांगलेले होते. शेजारच्या गाळ्यात आलेल्या एक इंटिरियर डिझायनर बाई पाणी मागायला आत आल्या आणि पंपाच्या इम्पेलरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, एक नमुना बघत उभ्याच राहिल्या. लाल रंग लावलेला, वळणदार पात्यांचा. "हा विकणार का?" त्यांनी विचारलं. मी दिला. बाबांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, हे काम करायला केलंय, शोभेला नाही. मला पैसे मिळाल्याचा आनंद होता, पण बाबांचं बोलणंही डोक्यातून जाईना.

त्याचं उत्तर मला पुण्यात सापडलं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी शाळेच्या सहलीत गेले होते, पण तेव्हा काही पाहिलं नव्हतं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची: दिवे, भांडी, कुलपं, फण्या, अडकित्ते. त्यातल्या अडकित्त्यांपुढे मी तासभर होते. कुठे पोपट, कुठे मोर, कुठे घोडा. नक्षी वरून चिकटवलेली नाही. दांडे दाबायचे तर ते लांब हवेत, मग ती शेपटी झाली. पुढची बिजागरी जिथे आहे तिथे मान वळली. सुपारी जितकी बिजागरीजवळ, तितका जोर जास्त, हे कारागिराला ठाऊक होतं आणि पक्षी त्या हिशेबानेच घडला होता. शोभा आणि काम वेगळं काढताच येत नव्हतं. आपल्याला हेच करायचंय, हे मला तिथेच ठरवता आलं.

बाहेरच्या देशांतलंही मी मग वाचायला लागले. अमेरिकन वास्तुरचनाकार मायकेल ग्रेव्ह्जने १९८५ मध्ये अलेस्सी या घरगुती वस्तू बनवणाऱ्या इटालियन कंपनीसाठी केलेल्या किटलीच्या तोटीवर छोटा लाल पक्षी आहे. पाणी उकळलं की तो शिट्टी वाजवतो, कारण वाफ तिथूनच बाहेर पडते. याच कंपनीसाठी फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कने १९९० मध्ये लिंबू पिळायचं तीन उंच पायांचं उपकरण केलं. दिसायला ते विलक्षण आहे, जगभर गाजलं. माझं मन मात्र किटलीकडे जास्त ओढ घेतं. त्या पक्ष्याला तिथे बसायचं कारण आहे.

आमची पहिली वस्तू म्हणजे दार अडवायला जमिनीवर ठेवायचं पितळी कासव. ठाण्यात खाडीकडून वारा सुटला की दारं आपटतात, त्यामुळे गरज खरी होती. आणि कासव देवळाच्या दारात असतंच. मिस्त्रीकाकांनी सागवानात कोरलं, मान जरा वर उचलून, म्हणजे तिच्यात बोट अडकवून कासव उचलता येईल. रबाळ्याच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, पहिले तीन नग आले आणि काकांचा फोन आला, "ताई, पाठ बसलीय." भरीव पितळेचा जाड भाग सगळ्यात शेवटी थंड होतो, आकसताना त्याला आणखी धातू मिळाला नाही की वरचा भाग खचतो. आम्ही कासव खालून पोकळ केलं, सगळीकडे सहा मिलिमीटरची भिंत. ओतकाम उत्तम आलं, पण वजन निम्म्यावर गेलं आणि दाराने कासव सरळ ढकलून नेलं. चार पायांखाली रबर बसवलं तेव्हा ते जागचं हललं नाही. एवढ्याला पाच महिने गेले.

दिवाळीआधी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही पहिला स्टॉल लावला. पहिल्या दिवशी दोन कासवं गेली. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, मानेत बोट घालून कासव उचलून पाहिलं, म्हणाल्या, "पापडांचं कापड उडतं गं गच्चीत, त्याला बरंय हे." चार घेऊन गेल्या, कापडाच्या चार टोकांना. मी दारासाठी केलं होतं, पण त्यांच्या हाताला त्याचा उपयोग लगेच कळला. त्या दिवसापासून कोणतीही नवी वस्तू आधी दोन-तीन घरांत महिनाभर वापरायला देतो आणि मगच तिची किंमत ठरवतो. यातूनच बगळ्याच्या मानेची चहाच्या पातेल्याची झाकणी रद्द झाली. फार देखणी होती, पण पितळेची मान तापायची आणि धरायला फडकं लागायचं. काकांना वाईट वाटलं, मलाही. ती कपाटात ठेवली आहे.

आता गाळ्यात जॉबवर्क निम्मं आणि आमच्या वस्तू निम्म्या. खुंट्या, समया ठेवायच्या बैठकी, कासवं दोन मापांत. बाबा अजून रोज येतात आणि प्रत्येक नग हातात घेऊन आधी खालची बाजू बघतात.

सध्या अडकित्ता चाललाय, पितळेचं अंग आणि पोलादी पातं. सुपारी कातरणारी घरं कमी झाली, पण लाडूसाठी बदाम-पिस्त्याचे काप अजून केले जातात, आणि सुरीने बदाम निसटतो. आकार बुलबुलाचा, कारण त्याची शेपटी दांड्याला शोभते. तिसरा पॅटर्न झाला. मिटताना दोन्ही दांडे टोकाशी इतके जवळ येतात की तळहाताची कातडी चिमटते. काका शेपटी चार मिलिमीटर बाहेर वळवून बघताहेत. चिमटा गेला की फाउंड्रीत पाठवू.