सरळ बांबोळीला न्या

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी स्टाफ नर्स आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात कसला आलाय दुर्गम भाग, असं पणजी-मडगावची माणसं हसतात आणि खरंच आहे, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल, आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. घोळ तिथंच आहे. जवळ आहे ना, मग पाठवा. स्पेशालिस्टची पोस्ट आमच्याकडे कागदावर भरलेली, माणूस डेप्युटेशनवर शहरात.

मार्चमधली सकाळ, काजूचा सीझन. साठीच्या एका काकांनी पडलेली बोंडं गोळा करताना पाचोळ्यात हात घातला आणि घोणस चावली. मुलाने सापाचा मोबाईलवर फोटो काढून आणलेला, मारत बसला नाही, हे बाकी शहाणपण. पण दंडाला सुंभ असा आवळलेला की बोटं काळीनिळी. तो एकदम सोडायचा नसतो, आधी सलाईन लावून औषध हाताशी ठेवायचं, मग हळूहळू सैल करायचा, हे दहा माणसं ओरडत असताना समजावणार कोणाला?

"सिस्टर, हांगा वेळ काढू नका, सरळ बांबोळीला न्या!"

ड्युटीवर आमची नवीन डॉक्टर, एकटीच. तिने सीनियरना फोन लावला, ते म्हणाले रिस्क घेऊ नको, रेफर कर. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, सिस्टर, ट्यूब द्या.

ती ट्यूब म्हणजे माझा विषय. दोन मिली रक्त कोरड्या, नव्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही आणि मग एकदाच वाकडी करून बघायचं. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली काच पण चालत नाही, रिझल्ट चुकतो. सप्लायमध्ये येतं ते प्लास्टिक! म्हणून काचेच्या मी म्हापशाहून स्वतः आणून कपाटात कुलपात ठेवते. वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाही, म्हणजे विष रक्तात भिनलंय.

मग सापाच्या विषावरच्या औषधाच्या, प्रतिविषाच्या, दहा व्हायल. पावडर असते, प्रत्येकीत दहा मिली पाणी घालायचं, हलवायचं नाही, फेस होतो, तळहातात घोळवत बसायचं. बाहेर मुलगा शिव्या घालतोय आणि आत आम्ही दोघी बाटल्या घोळवतोय. रिअॅक्शन आली तर द्यायचं अॅड्रेनालिन आधीच भरून ठेवलेलं, ते बरं झालं, कारण ड्रिप सुरू होऊन थोड्या वेळात काकांच्या अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजायला लागली. ड्रिप बंद, मांडीत इंजेक्शन, डॉक्टरचा हात जरा थरथरत होता पण डोस बरोबर. उतरल्यावर ड्रिप परत सुरू, हळू. सगळं औषध गेल्यावरच 108 मध्ये चढवलं. ती सोबत गेली असती तर बाहेर बसलेल्या ओपीडीला डॉक्टरच नव्हता, म्हणून गाडीतल्या टेक्निशियनला सगळं लिहून दिलं.

बांबोळीला काकांची लघवी कमी झाली, डायलिसिस करावं लागलं. घोणसीचं विष किडनीवर जातं. पण वाचले, घरी आले, आता काठी घेऊन बाजारातही दिसतात. मुलगा गावभर सांगतो, हेल्थ सेंटरात दोन तास फुकट घालवले, बांबोळीने वाचवला. त्याचं मला तितकं वाईट नाही वाटत, घाबरलेला माणूस. राग वरच्यांचा येतो. तिने लगेच पाठवलं असतं आणि वाटेत काही झालं असतं तर तिला एक शब्द कोणी विचारला नसता, इथं रिअॅक्शनमध्ये काका गेले असते तर चौकशी लागली असती. मग पाठवतच राहतात सगळे, आणि पाठवून पाठवून शिकलेलं विसरतात. गोव्यात 1842 पासून डॉक्टर तयार होताहेत म्हणे. असतील.

महिन्याच्या रिपोर्टात गेलं: सर्पदंश 1, रेफर 1. मी म्हटलं डॉक्टर, निदान शेऱ्यात तरी लिहा की औषध इथं दिलं. तिने लिहिलं. वरून फोन आला, शेऱ्याचा रकाना भरू नका, कॉम्प्युटर घेत नाही.

तिला पीजीला सीट लागली, गेली. तिच्या जागेचा चार्ज आता शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरकडे आहे, ते आठवड्यातून दोनदा येतात.